दगडावर नसलेलं नाव

हेल्मरबाख, २१ ऑक्टोबर

प्रिय गेर्नोट,

तुझं कार्ड मिळालं. बर्लिनचा गाशा गुंडाळून तू बॉनजवळ राहायला आलास, हे बरं केलंस. आता मनात आलं तर दोन तासांत इथे पोचशील. आम्ही ठीक आहोत. एवाल्डचा गुडघा दुखतोय, पण माझा नवरा ऐकतो कोणाचं? नाताळची झाडं तोडायचे दिवस जवळ आले की त्याला डोंगरावर गेल्याशिवाय चैन पडत नाही. यंदा झाडं भरगच्च आली आहेत. आलुबुखारही इतके आले, की केक करून करून कंटाळले आणि उरलेले वाटून टाकले.

सैन्याने तुला दिलेला निरोप टीव्हीवर पाहिला. मशाली, बँड, मधोमध काळ्या कोटात तू. एवाल्ड म्हणाला, "बघ की! सोळा वर्षांचा असताना माझ्याबरोबर पक्षाची पोस्टरं चिकटवत फिरायचा, निम्मी खळ स्वतःच्याच अंगावर सांडायचा. आज अख्खं सैन्य सलाम ठोकतंय त्याला." मीही पाहत होते. गावची पंचायत, मग प्रांताची विधानसभा, मग संसद, मग संरक्षणमंत्रिपद. नेमबाज मंडळाच्या जत्रेत गोळीने लाकडी गरुड पाडून तू त्या वर्षीचा 'राजा' झालास, तेव्हा बाबा म्हणाले होते, "हा फार वर जाणार. फक्त गावात तोंड दाखवता येईल असं वाग म्हणावं." विमानांच्या खरेदीत घोळ झाला आणि 'जबाबदारी माझी' म्हणून तू राजीनामा दिलास, तेव्हा पेपरांनी तुला सभ्य माणूस म्हटलं. बाबांना बरं वाटलं असतं.

निरोपाला तू माझ्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली होतीस आणि मी एवाल्डच्या गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा तेवढा काही दुखत नव्हता रे.

बरं, गुरुवारी माइनोल्फ कालथोफ आला होता. आता सरपंच नाही, पण नेमबाज मंडळाचा अध्यक्ष अजून तोच. नोव्हेंबरातल्या स्मरण-रविवारी यंदा तू बोलावंस अशी मंडळाची इच्छा आहे. चर्चसमोरच्या दगडावरची, दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं तू वाचायची, प्रत्येक नावाला ढोलाचा एक ठोका, नेहमीसारखं.

मी त्याला दारातच उभा केला. सहा वर्षं त्याच्याशी बोलत नाही मी. तो बेकरीत असला तर मी बाहेर थांबते, भले पाऊस असो. का, ते तुला माहीत आहे. माझ्या थिलोचं नाव त्या दगडावर कोरायला त्याने नाही म्हटलं होतं.

"माझ्या पोराला तुमच्या दगडावर जागा नाही," मी म्हटलं, "आणि त्याच्या मामासाठी आमंत्रण घेऊन माझ्याच दारात येतोस? जनाची नाही, मनाची तरी ठेव!"

त्याने टोपी काढली. म्हातारा झालाय खूप. म्हणाला, "रोझविथा, अगं, आता तरी मला यातून सोडव. पंचायतीने नाव केव्हाच मंजूर केलं होतं. पाथरवटालाही सांगून झालं होतं. मग बर्लिनहून फोन आला."

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? त्याचाच. म्हणाला, दगडावर 'युद्धात कामी आलेले' असं लिहिलंय. खुद्द संरक्षणमंत्र्याच्या भाच्याचं नाव त्याखाली आलं, तर पेपरवाले म्हणतील, सरकार म्हणतं हे युद्ध नाही, आणि मंत्र्याच्या घरचे म्हणतात युद्ध आहे. जरा थांब, म्हणाला. आणि बहिणीला माझं नाव सांगू नकोस."

गुडघा, झाडं, आलुबुखार हे सगळं मी कशासाठी लिहीत बसले, ते आता तुला कळलं असेल. धीर होत नव्हता.

विमानतळावर शवपेटीजवळ तू माझा दंड धरून उभा होतास. मग माइकसमोर गेलास आणि म्हणालास, "स्थैर्य मोहिमेत कर्तव्य बजावताना." रस्त्यात पुरलेल्या बॉम्बने माझ्या पोराच्या गाडीच्या चिंधड्या उडवल्या होत्या, आणि तू एखाद्या कारकुनाच्या बदलीचा निरोप द्यावा तसा बोललास. तेही मी गिळलं. वाटलं, मंत्री आहे, त्याला बोलावं लागतं. घरी आल्यावर तो माझा भाऊच असेल.

माइनोल्फ म्हणतो ते खरं आहे का? एवढंच लिही.

रोझविथा

बॉन, २८ ऑक्टोबर

प्रिय रोझविथा,

खरं आहे. माइनोल्फ खोटं बोलत नाही.

याआधी लिहून फाडलेल्या पत्रात मी संसदेचे ठराव आणि आंतरराष्ट्रीय कायदा घातला होता. वाचून माझीच मला शिसारी आली. आमचे जवान अफगाणिस्तानात शाळा बांधतात, विहिरी खोदतात, असं आम्ही लोकांना सांगितलं होतं. एकदा 'युद्ध' म्हटलं असतं, तर मोहिमेला मुदतवाढ मिळाली नसती. म्हणून तो शब्द तोंडातून निघू नये यासाठी मी रोज जपायचो. सहायक, पत्रकार, सगळ्यांशी बोलताना. सवयच लागली.

मग थिलो गेला. मी स्वतःला समजावलं, की भाच्यासाठी शब्द बदलला तर इतर आयांना काय सांगू? हे कारण तेव्हा फार थोर वाटलं होतं. खरं कारण लहान होतं. मला मंत्री राहायचं होतं.

सैन्यातल्या त्याच्या शपथविधीला मीच त्याला गाडीतून नेलं होतं. वाटेत तीनदा म्हणाला, "मामा, तू भाषण लांबवू नकोस हं, पोरं हसतील मला." तरीही मी लांबवलंच.

पक्षाच्या प्रतिष्ठानाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव पुढे आहे, डिसेंबरात ठरेल. हे तुला बाहेरून कळण्याआधी मीच सांगतो. त्याचा याच्याशी संबंध नाही, असं म्हटलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.

मी माइनोल्फला कळवलं आहे, की मी बोलणार नाही. ज्याने नाव अडवलं, त्याला नावं वाचण्याचा अधिकार नाही. थिलोचं नाव माइनोल्फने वाचावं, दगडावरही कोरावं. माझी हरकत नाही, आणि असूही नये. त्या रविवारी मी गावात येणार नाही. जे झालं त्याची पूर्ण जबाबदारी मी घेतो.

जमलं तर कधीतरी क्षमा कर.

तुझा
गेर्नोट

हेल्मरबाख, २ नोव्हेंबर

गेर्नोट,

वा रे वा! दिलास पुन्हा राजीनामा!

तुझ्या धंद्यात हे छान आहे. काही बिघडलं, की माणूस माइकसमोर येतो, 'जबाबदारी माझी' म्हणतो आणि मागच्या दाराने निघून जातो. लोक टाळ्या वाजवतात. बिघडलेलं निस्तरतं कोण? विमानांचं कोण निस्तरतंय, तुझं तुला माहीत. पण इथे तुला ते चालू देणार नाही. 'हरकत नाही' म्हणे! तुझी हरकत विचारली कोणी?

मला थिलोची आई या पदाचा राजीनामा देता येतो का? त्याची खोली आवरताना, त्याच्या वयाच्या पोरांची लग्नं बघताना, देता येतो का? मग तुलाही मामाच्या पदाचा देता येणार नाही.

माइनोल्फने वाचलेलं मला नको. त्या बिचाऱ्याच्या माथी सहा वर्षं तुझं पाप मारलं मी. काल बेकरीत सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. त्याने माझ्या हातात पावाची पिशवी दिली आणि म्हणाला, "पावसात उभं राहायचं बंद कर आता, बाई." तेवढ्यावर मिटलं. तो भला माणूस आहे.

ज्या तोंडाने नाव अडवलं, त्याच तोंडाने ते वाचायचं. तेही गावासमोर, 'युद्धात' म्हणून. सगळं वाचायचं, मधला शब्द गाळायचा नाही. पेपरवाले येतील, तुझं प्रतिष्ठान जाईल, तर जाऊ दे. माझं जे गेलं, त्यापुढे ते काय आहे?

आला नाहीस, तर तुझं-माझं संपलं. मी धमकी देत नाही, फक्त कळवते आहे.

रोझविथा

हेल्मरबाख, २१ नोव्हेंबर

प्रिय गेर्नोट,

रविवारी तू आलास, वाचलंस आणि कोणाशी न बोलता गाडीत बसून निघून गेलास. मंडळाच्या हॉलमध्ये कॉफी होती, तुझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. लोक विचारत होते. एवाल्ड तुझ्या मागे धावला, पण त्या गुडघ्याने काय धावणार? म्हणून लिहिते आहे.

धुकं इतकं होतं, की मला तुझा चेहरा धड दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. जुनी नावं तू नीट वाचलीस. शेवटच्या ठोक्यानंतर गप्प झालास. किती वेळ ते ठाऊक नाही, फार वाटला. माझ्यामागे कोणीतरी पुटपुटलं, "नाही वाचणार हा." मलाही तसंच वाटलं. खरं सांगू? त्या क्षणी मी तुझा जेवढा द्वेष केला, तेवढा आयुष्यात कोणाचा केला नाही.

मग तू म्हणालास, "थिलो ब्रेमके. अफगाणिस्तानातल्या युद्धात." ढोलवाला गोंधळला, त्याच्या कागदावर हे नाव नव्हतं. ठोका उशिरा पडला. आणि तू म्हणालास, "हे नाव इथे यायला उशीर झाला, तो माझ्यामुळे. मी थांबवलं होतं." यापुढे काही नाही. जन्मातलं तुझं सगळ्यात छोटं भाषण, गेर्नोट.

सोमवारी पेपरात आलं, ते तू पाहिलंसच. तू तेव्हा देशाशी खोटं बोललास असं लिहिलंय, आणि ते खरं आहे, त्याला मी काय करू? प्रतिष्ठानातून तुझं नाव मागे घेतलं, हेही वाचलं. एका पत्रकाराने मला फोन केला. "तुमच्या भावाने तुम्हाला सहा वर्षं फसवलं, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे, आणि रविवारी तो खरं बोलला. तुमचं काय ते तुम्ही बघा." आणि ठेवला फोन. मग माझंच मला नवल वाटलं.

पाथरवट थंडी सरली की येणार आहे. माइनोल्फने त्याला स्वतः बजावलंय.

आता जे लिहायचं आहे, ते एवाल्डलाही सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं, नाव वाचलं गेलं की मी मोकळी होईन. ठोका पडला आणि मला रडू फुटलं. तेव्हापासून रडते आहे. स्वयंपाक करताना रडते, झाडं बांधताना रडते. गिऱ्हाइकं घाबरतात. एवढी तर तो गेला तेव्हाही रडले नव्हते. तेव्हा रडायला फुरसत कुठे होती? मला भांडायचं होतं. आधी सरकारशी, मग माइनोल्फशी, मग तुझ्याशी. सकाळी उठायचं ते भांडायलाच उठायचं. भांडण चालू होतं तोवर थिलोचं काहीतरी करायचं बाकी होतं. आता काहीच बाकी नाही. सगळं झालं, सगळ्यांनी मान्य केलं, आणि तो नाही.

तू मागितलेली क्षमा अजून माझ्याजवळ नाही. खोटं कशाला सांगू? येईल तेव्हा येईल, न आली तर न येवो. पण थिलो लहान असताना तू त्याला खांद्यावर घेऊन डोंगरावर फिरवायचास. त्याचं बोबडं बोलणं ऐकलेली माणसं आता तीनच उरली आहेत, आणि एवाल्ड त्याच्याबद्दल बोलत नाही. मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे रे, कोणीतरी ऐकायला हवं आहे.

तेव्हा मुकाट्याने ये. माफी नको, खुलासा नको. स्वयंपाकघरात बस, मी बोलेन ते ऐक. मला एकटीला हे पेलत नाही.

थिलोची आई,
तुझीच
रोझविथा