झाकण उघडल्याची नोंद

९ एप्रिल, बुध.
सकाळी मंचरला कांतीशेठच्या दुकानात. वीस वर्षं मी बांधलेली, यंत्रं चालू-बंद करायची पॅनलं त्यांच्याच फळीवरून गेली. पंपाची, गिरणीची, दूध गार करायच्या टाक्यांची. आज फळी रिकामी. म्हणाले, आता पॅनल ठेवत नाही, एका कंपनीचा डबा ठेवतो, यंत्र तोच चालवतो. तो विकायचा नसतो, नुसता बसवायचा. गिऱ्हाईक दर महिन्याला सेवेचे पैसे देणार, यंत्राची सगळी हालहवाल मोबाइलवर दिसणार.
विचारलं, माझ्या पॅनलमध्ये वाईट काय होतं?
"शोभा, तुझं पॅनल बिघडत न्हाई, हाच त्याचा दोष. एकदा नेलं की माणूस बारा वर्षं दुकानाकडं फिरकत न्हाई. कंपनीला रोज लागणारं गिऱ्हाईक पायजे."
बोलताना माझ्याकडं बघत नव्हते.

१२ एप्रिल, शनि.
कळंबच्या माझ्या शेडमध्ये तयार पॅनलं पडून. कोणी येईना. नवरा, दत्ता, म्हणाला, मेंढरं घेऊ परत, चुलत्याकडं आहेत अजून. मी हसण्यावारी नेलं. तो मात्र हसत नव्हता.

१७ एप्रिल, गुरु.
कंपनीचं काम धरलं. गळ्यात ओळखपत्र. डबे बसवायचे, तक्रार आली की जायचं. एक अट लाल अक्षरात : सील तोडायचं नाही. एवढी वर्षं तारा जोडल्या, आता बंद डब्यापुढं नुसतं उभं राहायचं.

२ मे, शुक्र.
कबूल करायला हवं. इथल्याच एका बागायतदाराची मोटर. डब्यानं दोन दिवस आधी कळवलं, बेअरिंग जातंय. मोटर खोलून बघितली तर खरंच. माझ्या पॅनलला हे कधी जमलं नसतं. दिवसभर तेच डोक्यात.

८ मे, गुरु.
राजुरीच्या दूध संकलन केंद्रात डबा बसवला. केंद्र अलका चालवते, जुनी ओळख. आधीचं पॅनल माझंच, काढलंही मीच. "चांगलं चाललं व्हतं की, ताई," एवढंच म्हणाली. मी कंपनीनं शिकवलेलं वाक्य बोलले, आता तुला घरबसल्या तापमान दिसेल. पॅनल गाडीत ठेवायला तिनंच हात लावला. लाज वाटली.

१९ मे, सोम.
दुपार.
साडेआठला अलकाचा फोन. टाकीत काल संध्याकाळचं नि आज सकाळचं दूध, आणि गार करणारं यंत्र बंद. डब्यावर निळा दिवा लुकलुकतोय. मी पोचले तेव्हा दूध अठरा अंशांवर. चार अंशांच्या आसपास नसेल तर टँकरवाला घेत नाही. टँकर अकराचा.
कंपनीला फोन. एक मुलगी, आवाज गोड. अपडेट चालू आहे, दोन-तीन तासांत आपोआप सुरू होईल, कृपया डबा उघडू नका. तीनदा विचारलं, तीनदा तेच.
दारात दूध घालायला आलेल्या बाया रिकाम्या किटल्या घेऊन थांबलेल्या. मग अलका हळूच म्हणाली,
"ताई, तुमाला येतं न्हवं?"
तोडलं सील. डबा वगळून यंत्राला हाताच्या बटणावर सरळ लाइन दिली, ढवळणी सुरू केली, नि थर्मामीटर घेऊन बटणापाशी उभी राहिले. टँकरवाला कुरकुरत तासभर थांबला. दूध गार होऊन टँकरमध्ये गेलं. सगळं.
परतताना मोबाइलवर मेसेज : 'झाकण उघडल्याची नोंद झाली आहे. वेळ ९.४१.' अपडेटमध्ये अडकलेल्या डब्याला एवढं मात्र जमलं.

२० मे, मंगळ.
कंपनीची नोटीस. तीन दिवसांत लेखी खुलासा. माझं काय व्हायचं ते होवो, पण अलकाची सेवाही तपासणीपर्यंत बंद. सील मी तोडलं, शिक्षा तिला. ती आता हाताच्या बटणावर टाकी चालवतेय.
कांतीशेठनी बोलावून घेतलं. म्हणाले, लिही की उंदरानं तार कुरतडली, सील आधीच तुटलेलं व्हतं. माझ्या भल्यासाठीच सांगत असतील. कंपनीच्या कागदावर त्यांच्या दुकानाचंही नाव आहे.

२२ मे, गुरु.
तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. उंदीर लिहिला तर दोष केंद्रावर. शेवटी झालं ते लिहिलं. वेळेसकट. दत्तानं वाचलं, म्हणाला, पाठव. पाठवलं.
भाकरी थापताना दोनदा फोन बघितला. एक करपली.

२७ मे, मंगळ.
पुण्याहून कंपनीचे साहेब आले, कांतीशेठच्या दुकानात भेट. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलायला नम्र. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी कोरा कागद पुढं केला नि यंत्र कसं चालवलं त्याचं चित्र काढून दाखवा म्हणाले. काढलं.
"म्हणजे हाताचं बटण बाहेर असतं, तर सील तोडावं लागलं नसतं?"
"न्हाई, साहेब."
खाली सही मागितली. केली. मग विचारलं, माझं काम राहणार का, अलकाची सेवा कधी सुरू होणार. म्हणाले, वर कळवतो. कागद घडी करून बॅगेत.
ते गेल्यावर कांतीशेठ म्हणाले, चित्र काढून घेतलं म्हंजे कदर केली. असेलही. पण सील तोडल्याचा सहीनिशी पुरावाही तोच. कागद कोणाच्या बाजूनं गेला, कळेना.

२९ मे, गुरु.
ॲपमध्ये माझ्या नावापुढं 'तपासणी सुरू'. नवं काम येत नाही, नाव काढलेलंही नाही.
अलकाचा फोन. रोज पहाटेपासून टाकीपाशी बसून असते, कोणाच्या भरवशावर उठता येत नाही. विचारत होती, अजून किती दिवस. माहीत नाही, मी म्हणाले.
फोन ठेवला नि गाडी काढली. ती घरी जाऊन जेवून येईस्तोवर तरी टाकीपाशी मी बसते.