रेडिओच्या आवाजातली माही थट्टा

रिठद, पोळ्याच्या करीचा दिवस, संध्याकाळ.

सूनबाई, बोलतो तसंच लिही, सुधरवू नको.

आज मन लागत नाही. चावडीवरच्या रेडिओपुढं बाया बसत नाहीत. मी म्हातारी, मले कोणी उठवत नाही. तिथं ऐकायचं अन् विहिरीवर बायांले सांगायचं, हे माहं काम. काल सांगितलं, पटकीची साथ आहे, पाणी उकळून प्या, टोचून घ्या. तेवढ्यावर थांबायचं ना! पण हसवल्याशिवाय माही जीभ राहते कुठं? त्याच रेडिओवाल्याच्या आवाजात म्हटलं, "टोचलं की दंड भोपळ्याएवढा फुगतो!" साऱ्या हसल्या. शेजारची सखू हसली नाही.

आज टोचणारा डाक्टर आला, तं सखूनं नातवाले कोठीत दडवलं. डाक्टर गेल्यावर मी विचारलं, "काहून वं, सखू?"

"तुमीच तं सांगितलं, काकू. रेडिओ खोटं बोलते का?"

"अवं, ते मी बोलली! रेडिओ नाही!"

"मंग आता काहून पलटून राह्यल्या?" म्हणे, अन् दार लावलं.

तिचं काय चुकलं? आवाज तं मी रेडिओचाच काढला. ती हसली नाही, तेव्हाच समजायचं होतं. अन् खरं सांगू? सुईले मीच भेतो. डाक्टर आला तेव्हा गोठ्यात जाऊन बसली होती. टोचलं नाही अन् सखूच्या पोराले काही झालं तं?

उद्या डाक्टर पुढच्या गावात आहे. सखूले म्हणीन, चाल, आधी माहा दंड, मंग पोराचा. मी रडली तं रडली, पण तिच्या डोळ्यांदेखत. सूनबाई, लिहिणं पुरे. आधी उद्यासाठी गाडी सांगून ये.