वाळ्याच्या वासाचं पाणी

सुभद्रा,

“पिंपात तोंड घालून वास घेतल्याबगर पाणी भरू नको रे,” असं बाबा माझ्या पहिल्या सफरीला किनाऱ्यावरून ओरडून सांगत होते. म्हणून गलबतावरचं पिण्याच्या पाण्याचं पिंप घरी आणलंय. नारळाच्या सोडणाने घासून त्यात चुन्याचं पाणी भरून ठेवलंय. कापणीवरून आलीस की ते माडांपासून लांब ओत आणि वास जाईस्तोवर पिंप विसळ. मी शीड सांधायला बंदरावर जातोय. उद्या भरतीला निघायचंय.

मागच्या सफरीला चुन्याचा वास मारायला तू पिंपात वाळ्याची जुडी सोडली होतीस. बाबली खलाशी सगळ्यांदेखत म्हणाला, “सत्यवान तांडेलानू, ह्यां पाणी वरातीतला काय?” सगळे हसले. मी जुडी समुद्रात भिरकावली आणि म्हणालो, “माझ्या बायलेक अक्कल नाय.” ते तुझ्या कानावर आलं, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. तोंडावर सांगायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून लिहितोय.

पाणी तूच भर. वाळा घाल. हसूदेत त्यांना.

जुडी फेकण्याआधी मी तांब्याभर प्यालो होतो. माका तां पाणी खूप आवडलेलां, गो.