नंबर लागला

४ एप्रिल २०१६, सोमवार. सकाळी सव्वासहा.
दूध संस्थेत पावत्या लिहीत होतो. चारा नाही, दूध निम्म्यावर. सेक्रेटरी तात्या म्हणाले, "तुझं अक्षर म्हशीला दाखव. लाजून तरी दोन थेंब जास्त देईल." फोन पावतीपुस्तकाशेजारीच. किडनीसाठी औरंगाबादच्या दवाखान्यात नाव लावून वर्ष उलटलं. फोन आला की लगेच निघायचं. पिशवी भरून खुंटीला.

५ एप्रिल, मंगळ.
बीडला डायलिसिस. डॉक्टरांच्या हिशेबानं पाणी दिवसाला एक लिटर, चहा-वरण धरून. यंदा गल्लीत सगळ्यांनाच मोजून पाणी, म्हणून मी वेगळा वाटत नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. परतताना जीपमध्ये कुठल्याशा अपघाताचं बोलणं निघालं. तरणा पोरगा गेला म्हणे. माझा हात खिशातल्या फोनवर गेला. आपोआप. पुढं लिहवत नाही.

७ एप्रिल, गुरु.
दुपारी पडलो होतो. बाहेरून मायची हाक, "ऊठ रं, नंबर लागला." पिशवी काढली आणि तसाच धावलो. समोर टँकर. माय पाइपाजवळ घागर धरून.
शेजारच्या सखूमावशी म्हणाल्या, "पिशवीत पानी नेतूस का रं?" रांग हसली.
माय म्हणाली, "अनवाणी कामून पळालास?" मग तिला पिशवी दिसली. घागर खाली ठेवून ती घरात गेली. आमचा नंबर गेला. संध्याकाळी सखूमावशींनी आपली एक घागर आमच्या रांजणात ओतली.

९ एप्रिल, शनि.
मायनं गल्लीला बजावलंय, पोरासमोर नंबर म्हणायचं न्हाई, पाळी म्हणा. आज टँकर आला तसं सखूमावशी भर रस्त्यात मायला ओरडल्या, "सुमन, पाळी आली गं." ओट्यावरचे बाप्ये खाली मान घालून उठून गेले. माय पदर तोंडाशी धरून हसत राहिली. किती दिवसांनी.
मी म्हटलं, "नंबरच म्हणा."
"दचकशील," माय म्हणाली.
"दचकू दे."

१२ एप्रिल, मंगळ.
डायलिसिस करून आलो. अंगात त्राण नाही, पण डोकं शांत. संध्याकाळी हाक आली, "नंबर लागला." दचकलोच. फोन पाहिला. काही नाही. मग कळशी घेतली, उजव्या हातात. डाव्यात सुया टोचतात, तो जपायचा. अर्धी कळशी झेपली.
पिशवीतला टॉवेल मायनं धुऊन, घडी करून परत ठेवलाय.

खर्च: जीप जाऊन-येऊन ८०, गोळ्या २१०.
देणं: तात्यांची उचल ५००. सखूमावशींची घागर, एक. ती फेडायला गेलो तर म्हणाल्या, "आत्ता न्हाई घेत. औरंगाबादहून आल्यावर, भरून, दोन्ही हातांनी आणून दे."
म्हणून बाकी.