ओठ मिटलेले, दात सुटे

आई, माझा जबडा पुन्हा वाजायला लागलाय. डावीकडे, कानाच्या अगदी पुढे, तीच जुनी जागा. टोस्ट चावला की कट्ट, जांभई दिली की कट्ट. तुमचा मुलगा समोर पेपर वाचत बसलेला असतो, त्याला पत्ताही नसतो. तुम्हाला मात्र पडवीतून ऐकू आलं असतं. सासूचे कान ते, असं मी तेव्हा मनातल्या मनात म्हणायची. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता उघड लिहायला हरकत नाही.

मी साताऱ्याकडची, सून होऊन वसईजवळ सांडोरच्या तुमच्या वाडीतल्या घरात आले. जावेशी तुम्ही घरच्या बोलीत बोलायचात, भरभर, हसून. माझ्याकडे वळलात की शाळेतलं मराठी सुरू, पाहुण्यांशी बोलावं तसं. पहिल्याच महिन्यात सगळे जेवायला बसलेले असताना तुम्ही म्हणालात, "जेवताना तोंडाचा आवाज करू नये. माहेरी कुणी सांगितलं नाही वाटतं?" भर पंगतीत! आवाज तोंडाचा नव्हताच हो, हाडाचा होता, पण ते मला तरी कुठे ठाऊक होतं? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या दिवसापासून सगळ्यांचं उरकलं की मी स्वयंपाकघरात एकटी जेवायला बसायचे. भाकरी आमटीत भिजवायची, भात न चावता गिळायचा. त्यातून तुमची ती सुकेळी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानात बांधून तुम्ही वर्षभर जपून ठेवायचात आणि मानाच्या माणसाच्याच हातावर ठेवायचात. मला दिलीत. चिवट असतात ती. एक घास चावला आणि कानापासून कपाळापर्यंत कळ गेली. उरलेली मी हळूच ताटलीत परत ठेवली. तुम्ही पाहिलंत. "आमचं काही घशाखाली उतरत नाही हिच्या," असं तुम्ही जावेला म्हणालात, तेही माझ्या मराठीत, म्हणजे मला कळावं म्हणून.

कान दुखतो म्हणून लसणीचं कोमट तेल घालून झालं. कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले कान स्वच्छ आहे. शेजारच्या बाई म्हणाल्या अक्कलदाढ असेल, काढून टाक. मी वाळत चालले होते, सकाळी उठायची तीच डोकं धरून. आणि तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते आता सांगते. त्या उन्हाळ्यात माहेरी जायचं आणि परत यायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. तुमच्या मुलालाही बोलले नव्हते. ट्रंकेत साड्या भरताना मात्र जरा जास्तच भरत होते.

मग ती दुपार. आपण दोघी अंगणात सुकेळी बांधत बसलोय. बोलणं नाही, चालणं नाही. मला जांभई येते आणि तोंड अर्ध्यावर अडकतं. उघडत नाही, मिटत नाही, डोळ्यांतून घळाघळा पाणी. तुम्ही हातातलं टाकून देता आणि दोन्ही तळवे माझ्या गालांवर ठेवता. तुमच्या हातांना केळ्याचा वास येतोय. "हळू. घाई नको. मी आहे ना." जबडा खटकन जागेवर येतो आणि तो धक्का तुमच्या बोटांना लागतो. तुम्ही बोट तिथेच ठेवून म्हणता, "परत उघड." मी उघडते. कट्ट. तुमचा चेहरा खर्रकन उतरतो. "जेवताना येतो तो हाच आवाज?" मी मान हलवते. तुम्ही उठता, हात धुता, लुगडं बदलता आणि रिक्षा बोलवायला सांगता.

वसईतल्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दाढेला हातसुद्धा लावला नाही. दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून त्यांनी तोंड उघडमीट करायला लावलं. उघडताना जबडा डावीकडे वाकडा जातो, हे आरशात दाखवलं. उभी तीन बोटं तोंडात मावायला हवीत. माझी जेमतेम दीड मावली. सांध्यातली गादी जागची सरकते, तिचा हा आवाज, असं त्या म्हणाल्या. गालाचे स्नायू दगड झालेत, कारण मी दात सारखे आवळून धरते, दिवसा आणि झोपेतही. दात फक्त जेवताना एकमेकांना लागावेत. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे. मग पेन उचलून त्यांनी विचारलं, "घरात काही ताण आहे का?" मी म्हटलं, "छे, काहीच नाही." बाहेरून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरून तुम्ही म्हणालात, "आहे. मी आहे."

डॉक्टरीणबाईंनी तेही लिहून घेतलं. परतताना तुम्ही माझ्याशी घरच्या बोलीत बोलायला लागलात, पहिल्यांदाच. मला अर्धंही कळलं नाही, तरी मी हो हो करत राहिले.

माफी तुम्ही मागितली नाहीत. तुमचा तो स्वभावच नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून सगळ्या घराला मऊ खिचडी आणि लापशी. सासरे कुरकुरले, तर "दात आहेत म्हणून माज नको" म्हणून त्यांना गप्प केलंत. सकाळ-संध्याकाळ माझ्या गालाला गरम पाण्याचं फडकं. रात्री दातांवर बसवायची प्लेट आली, तिला तुम्ही "तरण्या वयातली कवळी" म्हणायचात आणि तिची वाटी स्वतः घासायचात. सुकेळी दुधात शिजवून, बोटांनी कुस्करून द्यायचात. आणि दिवसभर तुमची ती हाक! विहिरीवरून, चुलीपुढून, पाहुण्यांदेखत: "दात!" मी लगेच जबडा सैल सोडायची. पोस्टमन एकदा दचकून दोन पावलं मागे सरला होता. तुमचं टोमणे मारणं थांबलं नाही, खोटं कशाला लिहू? पण आता मी उलट बोलायला लागले. आमटीतल्या मिठावरून आपण कडाकड भांडलो आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली. तीन बोटं मावायला लागली तेव्हा तुम्ही मला जावेपुढे उभं करून तोंड उघडून दाखवायला लावलंत, बाजारातल्या बैलासारखं. त्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले आणि ठरलेले दिवस संपायच्या आधीच परत आले.

शेवटी दवाखान्यात तुमची वाचा गेली होती. मी उशाशी उभी होते, रडायचं नाही असं ठरवून. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि हात उचलून स्वतःच्या गालाला बोट लावलंत. तुमचा मुलगा पाणी आणायला धावला. पाणी नकोच होतं तुम्हाला. मी दात सैल सोडले, तेव्हाच तो हात खाली आला.

हे पत्र मी तुमच्या मुलालाही दाखवणार नाही. त्याला वाटेल, आता तरी मी लिहीन की तुम्ही उगाच स्वतःला दोष दिलात. नाही लिहिणार. ताण होताच तुम्ही. पण तसं कबूल करणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. काल नव्या डॉक्टरकडे गेले होते, कोवळी पोरगी आहे. तिने विचारलं, "आंटी, तेव्हा कशाचा स्ट्रेस होता?" मी म्हटलं, "सासूबाईंचा." "आणि आता त्या?" "त्या गेल्या, खूप वर्षं झाली." ती हसून लिहिता लिहिता म्हणाली, "मग आता तर काही टेन्शन नाही ना?"

मी "नाही" म्हटलं. ओठ मिटले तेव्हा दात गच्च आवळलेले होते, आणि "दात!" म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं.