उंदराची बाजरी, चिमणीची बाजरी

माय, काल मी एक उंदीर मारला. घरातला माजलेला नव्हे, रानातला, अंगठ्याएवढा. नाशकात लेकाचं घर तळमजल्यावर आहे, मागे द्राक्षांची बाग, तिथूनच आला असणार. सूनबाई गॅलरीत चिमण्यांसाठी वाटीत बाजरी ठेवते, ती हा खायचा. मीच म्हणाले, "थांब, फुकट्याची खोड मोडते." दुकानातून उंदीर धरायचा चिकट पुठ्ठा आणवला आणि वाटीशेजारी मांडला.

सकाळी बघते तर पुठ्ठ्यावर दोघं. उंदीर आणि चिमणी. सूनबाई ओरडलीच, "आई, तेल आणा, लवकर!" आम्ही दोघींनी गोडेतेल लावलावून चिमणीचं एकेक पीस सोडवलं. बाजूला उंदीर चीं चीं करत होता. छाती त्याचीही तिच्यासारखीच धडधडत होती. वाटीत तेल उरलं होतं, माय. मी पुठ्ठा दुमडला आणि घंटागाडीत टाकला. सूनबाई बाजरी ओतून देत म्हणाली, "शी! उंदराचं उष्टं." मी म्हणाले, "हो ना बाई."

आणि ते बोलताना तू डोळ्यांसमोर. नांदगावाकडचं दुसऱ्याचं रान, बाजरी भरात आलेली. चिमण्यांचे थवे यायचे, मी राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवतेय, शिव्या घालतेय. गोड गळ्याच्या चोरट्या नुसत्या. सोंगणी झाली की मालक म्हणायचा, "बिळातलं तुमचं." तू कुदळीनं उंदरांची बिळं खणायचीस. आत कणसं अशी रचलेली, की आपल्या घरात तशी कधी रचली नव्हती. तीच धुऊन, वाळवून आपली भाकरी व्हायची. एकदा मी तळातली कणसंसुद्धा ओढली, तर पाठीत धपाटा घातलास.

"भवाने, मूठभर ठेव तिथं. उंदरीनं पोरांसाठी साठवलंय. लाज हाय का नाय?"

"मग चिमण्यांना का नाय ठेवत?"

"त्या आपलं खात्यात. हिचं आपण खातोय."

ती भाकरी खाऊन वाढलेलं तोंड काल "हो ना बाई" म्हणालं. चिमणीनं आपल्याला कधी दाणा दिला नाही, नेला तेवढा. तरी तेल तिला.

हे तुला पोचायचं नाही, म्हणून तर लिहितेय. पोचणार असतं तर धीर झाला नसता. संध्याकाळी कुंडीमागे जमिनीवर मूठभर बाजरी ठेवली. सूनबाईनं पाहिलं. "आई, तिथं खाली कुणाला?"

म्हटलं, "चिमण्यांना."