दोन नरसाळी आणि एक नळी

प्रिय बाबू,

मुलं ठीक आहेत. हे आधी लिहिते, नाहीतर पत्र उघडताच तू घाबरशील. वेळेवर जेवतात, खेळतात, फक्त भांडत नाहीत. सकाळपासून कितीदा कागद पुढे ओढला आणि बाजूला सारला.

सुट्टीत काहीतरी उद्योग हवा म्हणून आम्ही घरीच स्टेथोस्कोप केला. दोन नरसाळी, मधे झाडांना पाणी घालायच्या नळीचा तुकडा, सांध्यांना चिकटपट्टी. एका नरसाळ्यावर फुग्याचं रबर ताणून बसवायचं होतं. माझ्या हातून फुगे फाटतच राहिले. शेवटी तुझ्या थोरलीनेच ते बसवलं. धाकट्याने माझ्या छातीला लावलं आणि ओरडला, "आत्या, तुझ्या आत कुणीतरी दार वाजवतंय!" मग फ्रीज झाला, मांजर झालं. शेजारच्या शिंपीकाकांना तर त्याने अगदी गंभीरपणे सांगितलं, "काका, तुम्ही चालू आहात." इतके हसलो रे त्या दिवशी!

दुसऱ्या दुपारी तुझा फोन आला. मी आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं, पण तुझं ऐकून माझा आवाज चढलाच. "थोरली तिच्या आईकडे, धाकटा तुझ्याकडे? भांडी वाटून घेताय का रे?" फोन ठेवून दार उघडते तर थोरली तिथेच बसलेली. एक नरसाळं दाराला, दुसरं कानाला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "त्याला सांगू नकोस हं."

तेव्हापासून ती धाकट्याला बुटाची नाडी बांधायला शिकवतेय. तो कंटाळतो, पाय झाडतो. ही गाठ सोडते आणि पुन्हा बांधायला लावते. मी म्हटलं, "अगं, तू देतेस की बांधून, घाई कसली?" तर म्हणाली, "बाबा सैल बांधतात. तो पडेल." आज त्याला पहिल्यांदा जमलं. तो टाळ्या पिटत घरभर धावला, आणि ही न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

हे फोनवर बोलायची सोय उरली नाही, म्हणून लिहितेय. तुम्ही दोघं वेगळे राहा, मी मधे पडणार नाही. पण या दोघांना तोडू नका रे. आणि जे काही ठरवाल ते तिच्यासमोर बसून सांगा. शनिवारी या, दोघंही. तोवर फोन करू नकोस. घंटा वाजली की ती त्याचा हात धरते.

तुझीच,
ताई